दोन मोटारींची बोट

भागवतनं रिमोटवरची शर्यतीची बोट तिसऱ्यांदा खोलून जोडली. दोन नव्या मोटारी, दोन सारखे पंखे. तरी शेततळ्यात सोडली की ती उजवीकडंच वळायची. परभणीची शर्यत उद्यावर आली होती.

बांधावर बसलेले त्याचे वडील, दिनकरराव, तंबाखू थुंकले. "दोन्ही बैलं उजव्या अंगाचीच जुपलीस. एक डावा लागतो."

"बैलं इकली आपण, आबा. ह्या मोटारी हायेत. तुमच्या डोक्याच्या बाहेरचं हाय."

म्हातारा उठून गेल्यावर भागवतनं एक पंखा उलट्या पिळाचा लावला आणि त्याची मोटार उलटी फिरवली. बोट सुतासारखी सरळ गेली.

मागं दिनकरराव उभे होते.

"हौशा डावा, सोन्या उजवा," ते म्हणाले. "इकायच्या आदी त्यायलाच इचारायचं होतंस."