काठीवरची गाठ

पंचांनी काठ्या ओळीत मांडायला सांगितल्या, तशी त्याने आपली काठी सर्वांत शेवटी ठेवली. लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ; त्या काठीत कुणी खिळा लपवलेला नसावा, म्हणून सामन्याआधी ही तपासणी व्हायचीच. पण आज मॉन्ट्रियलच्या मैदानावर काठ्या तपासायला मोहॉक आदिवासींच्या वस्तीतला म्हातारा कारागीर बोलावला होता. त्याचा सख्खा मामा.

त्या काळी गोऱ्यांच्या संघात मोहॉकांना मज्जाव होता. खेळाच्या वेडापायी तो तीन वर्षं फ्रेंच नाव लावून खेळत होता, गावाकडे फिरकलाही नव्हता. काठी मात्र मामानेच वळवलेली, जाळीला मामाचीच तिपेडी गाठ. ती सोडवायला त्याचा हात कधी धजला नव्हता.

म्हाताऱ्याची बोटं एकेका काठीवरून फिरत आली आणि त्या गाठीवर थबकली. भाच्याने नजर मैदानाकडे वळवली.

“काय रे म्हाताऱ्या, खिळा सापडला?” पंच खेकसले.

“नाही. काठी चोख आहे.”

“आणि हा गडी? तुमच्यातलाच दिसतो.”

मामाने वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच पाहावं तसं त्याला निरखलं.

“छे! आमची पोरं आईच्या मयताला तरी घरी येतात.”