एकच हार

पंधरा ऑगस्टला सौदीतल्या दम्मामच्या परदेशी कुटुंबांच्या कंपाउंडमध्ये मुलांचा मराठी वर्ग घेणाऱ्या विभाबाईंनी शेजारच्या आयरिश नोलनकाकांना मुद्दाम बोलावलं. त्यांचे आजोबा आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात गोळी लागून गेले, एवढं बाईंच्या कानावर होतं. त्यांच्या फोटोसाठी बाईंनी मुलांकडून कागदी फुलांचा हारही करून घेतला होता.

नोलनकाकांनी आणलेल्या फोटोतले आजोबा पोलिसाच्या गणवेशात होते.

"इंग्रजांनी मारलं यांना?" वर्गातल्या शार्दूलने विचारलं.

"नाही रे. हे माझ्या वडिलांचे वडील, इंग्रजांच्याच पोलिसात होते," नोलनकाका म्हणाले. " गावातल्या बंडखोराने घराच्या दारातच गोळी घातली."

बाईंचा हारासकट पुढे गेलेला हात थबकला.

"मग बाई, हार त्या गोळी घालणाऱ्याला घालायचा ना?"

नोलनकाकांनी खिशातून दुसरा फोटो काढून पहिल्याशेजारी ठेवला.

"त्यालाही आणलंय. माझ्या आईचे वडील."