हार्डली

"सर, निस्ता शेवटचा 'ली' काढायचा हाय," रशीदानं तिसऱ्यांदा सांगितलं. "'हार्डली'चं 'हार्ड' करा. दुसरं काय बी नको."

निमगाव केतकीत आप्पासाहेब सरांच्या बालवाडीत ती नऊ वर्षं शिकवत होती. त्याआधी सरांनी चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं, रशीदालाही त्यांनीच. सकाळी त्यांचं शिफारसपत्र घेऊन ती बारामतीला मुलींच्या वसतिगृहातल्या नोकरीसाठी गेली होती. तिथल्या बाईंनी 'शी वर्क्स हार्डली' या ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचे सरच लिहितात, तुम्ही जेमतेम काम करता म्हणून." चारच्या आत दुसरं पत्र आणलं तर ठीक, नाहीतर जागा दुसरीला.

बारामतीला परत जायची एस.टी. सव्वादोनला होती. दोन वाजत आले होते.

"क्विक, क्विकली. स्लो, स्लोली," सरांनी टेबलावर बोटानं ठेका धरला. "हार्ड, हार्डली. तुला शिकवलं न्हाय का? त्या बाईला व्याकरण येत न्हाय, त्याला मी काय करू?"

"तितं तुमी नव्हता सर. मी हुते. माझ्या तोंडावर हसल्या त्या."

नऊ वर्षांत तिचा आवाज सरांपुढं कधी चढला नव्हता. सर उठले, कपाटातला जाडजूड शब्दकोश काढून धप्पकन टेबलावर ठेवला. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"हे बघ! नेटानं, जोर लावून. लिवलंय का न्हाय?"

रशीदा वाकली. "त्याच्या आधी कंसात काय हाय, सर?"

"जुना वापर," सर पुटपुटले.

"आन् आताचा?"

सरांनी शब्दकोश तिच्याकडं सरकवला. तिनंच वाचलं, "जेमतेम. क्वचित. जवळजवळ नाहीच."

सरांनी शब्दकोश मिटला. मग संस्थेचा कोरा कागद ओढून त्यांनी पत्र नव्यानं लिहिलं, सही-शिक्का केला. रशीदानं अक्षर न् अक्षर तपासलं. चुकलं, एवढा एक शब्द त्यांच्या तोंडून येईल म्हणून ती क्षणभर थांबली. आला नाही. ती तणतणतच दाराकडं वळली.

मागं पुन्हा कागदाचा आवाज झाला. सरांनी दुसरा कोरा कागद पुढ्यात घेतला होता.

"हे आनि कुणाचं?"

"महिपतीच्या पोरीचं, विजयमालाचं. दोन सालामागं तिलाबी असंच 'हार्डली' लिवून दिलं हुतं, बँकेतल्या नोकरीसाठी."

"मिळाली का तिला?"

"न्हाय. लगीन करून दिलं तिचं," सर म्हणाले, आणि मान खाली घालून लिहू लागले.