खाली धरलेला प्याला

तीन दिवस बीजिंगमध्ये बोलणी चालली होती, तरी एकमेकांच्या देशात तुरुंगात अडकलेले दोन तरुण संशोधक सुटायची चिन्हं नव्हती. बोलणी करणारे चीनचे फेई आणि अमेरिकेचे लिंडक्विस्ट, दोघंही तसूभर हटेनात.

निरोपाच्या जेवणात फेईंनी प्याला पुढे केला आणि ते चपापले. लिंडक्विस्टनी आपल्या प्याल्याची कड त्यांच्या कडेच्या खाली टेकवली होती. समोरच्याला मान द्यायची ही आपली रीत या माणसाला कुणी शिकवली?

फेईंनी प्याला आणखी खाली नेला. लिंडक्विस्टनी त्याहून खाली. होता होता दोघं कमरेत वाकले, प्याले गुडघ्यांशी आले.

"पुरे हो, आता जमिनीवर बसावं लागेल," फेई म्हणाले.

"बसू की. पण पोरांना सोडू या."

"सोडू. सकाळी सह्या करू."

दोघं हसले. कुणीतरी फोटो काढला.

सकाळी पेन हातात घेताच फेईंना वरून फोन आला. "फोटो देशभर फिरतोय. त्या अमेरिकनापुढे एवढं वाकलात कशाला? सही करायची नाही."

फेईंनी मान वर केली.

समोर लिंडक्विस्टही फोनवर कुणाला तरी सांगत होते, "वाकलो नव्हतो साहेब, प्याला नुसता खाली धरला होता," आणि पेनाला टोपण घालत होते.