मुंगीवरचं सोनं

वडिलांच्या तेराव्याला तंजावूरच्या घरात हिराबाई आत्यानं श्रीविद्याला विचारलंच, "आमचा चिदंबर गेला त्या दिवशी सकाळी आठालाच मी एसटीडीवरून फोन केला होता, 'लगेच नीघ' म्हणून. संध्याकाळपर्यंत मद्रासमध्ये काय करत होतीस गे?"

श्रीविद्यानं पिशवीतून एक फोटो काढला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मुंगीची मिशी उसाच्या कांडीएवढी दिसत होती आणि वास ओळखणारा तिच्यावरचा केस न् केस मोजता येत होता.

"हे मशीन सहा महिन्यांतून एक दिवस मिळतं, आत्या. माझा दिवस नेमका तोच होता. त्यात मेलेल्या मुंगीवर आधी सोन्याचा मुलामा चढवावा लागतो. त्याशिवाय ती नीट दिसत नाही."

"मुंगीला सोनं? भारीच थाट गे तुमच्या कॉलेजाचा!" आत्या हसली. मग फोटो हातात धरून त्या मुंगीकडेच बघत राहिली.

"काय झालं, आत्या?"

"त्या दुपारी चिदंबराच्या तोंडात गंगाजल घातलं, तुळस ठेवली. सोन्याचा कण घेऊन मी वाकले, तर म्हणाला, 'थांब अक्का, विद्या निघाली असेल. ती घालेल.'"

आत्यानं फोटो परत तिच्या हातात दिला.

"त्यानंतर त्यानं ओठ उघडलेच नाहीत."