पडद्यावरचा मणका

डॉक्टर अश्विनचं कोपर त्या काडीला घासलं. पाहिलं ते फक्त अरुणा सिस्टरनं.

काडी कोंडिबाच्या कमरेच्या हाडात रोवलेली. तिला चार चकाकत्या गोळ्या. वरचा कॅमेरा त्या गोळ्या बघतो आणि मणका कुठं आहे ते यंत्राला सांगतो. काडी हलली की मणका जागेवर, यंत्राचा मणका भलतीकडे.

"सर, काडी हलली. एकदा हाड तपासून घ्या ना."

"सिस्टर, पडदा बघा. हिरवा आहे."

मागच्या वर्षापर्यंत इथं नुसतं नॅव्हिगेशन होतं. पडदा वाट दाखवायचा, हात माणसाचा. मणक्यात घालायच्या दर स्क्रूआधी सळईचं टोक उघड्या हाडावर टेकवायचं आणि पडद्यातही ते तिथंच टेकलंय ना, बघायचं. आता रोबोटचा हात जागा धरून उभा राहतो. तपासायची पद्धतच गेली. एवढ्या मोठ्या यंत्रावर संशय घ्यायचा म्हणजे साहेबांना लाज वाटते!

रोबोटच्या कंपनीचा तेजस लॅपटॉपमागून हसला. "टेन्शन नका घेऊ मॅडम. हा थरथरत नाही."

खरं होतं. चुकीच्या जागीही तो थरथरला नसता.

कोंडिबा पालथा पडलेला. वाशीच्या मार्केटात तीस वर्षं कांद्याच्या गोण्या वाहिलेला माथाडी. भूल द्यायच्या आधी अरुणाचा हात धरून म्हणाला होता, "ताई, पाठीचं काय बी होऊ द्या. पाय तेवढे राखा."

रोबोटचा हात आवाज न करता खाली आला. थांबला. त्याच्या नळीतून अश्विननं ड्रिल आत घातलं.

अरुणानं हिरव्या चादरीवरून कोंडिबाच्या डाव्या पोटरीवर तळवा ठेवला. ड्रिल पायाच्या नसेला लागलं की पाय उडतो; नस तुटली की उडायचाच थांबतो.

पाय उसळला. भुलीत गाडलेल्या माणसाचा पाय, जिवंत मासळीसारखा. पुन्हा उसळला.

"सर, थांबा! पाय उडतोय!"

ड्रिल थांबलं. अश्विननं मान वळवली. पायाकडे नाही, पडद्याकडे. तिथं स्क्रूची वाट हाडाच्या बरोबर मधून गेलेली, केसभरही इकडंतिकडं नाही.

"कुठं काय आहे?" म्हणत त्यानं पुन्हा ड्रिल दाबलं.

अरुणानं तळवा अजून घट्ट दाबला. पोटरी गरम होती. पाय तिसऱ्यांदा उडला नाही.

"बघा मॅडम," तेजस म्हणाला, "झाला ना शांत?"