झाड पसंत आहे

"दिवेलागण झाली. आता झाडाला हात लावायचा नाही," स्नेहलताबाईंनी जाहीर केलं आणि डोनलने उचललेली करवत तशीच हवेत राहिली.

डिसेंबरातल्या आयर्लंडमध्ये दिवेलागण चार वाजताच होते. निहारिकाने सासूबाईंचं म्हणणं डोनलला इंग्रजीत समजावलं. संध्याकाळी झाडं झोपतात, झोपलेल्याला कापत नाहीत. स्वोर्ड्स गावाबाहेरच्या त्या शेतात म्हातारा डोनल आयुष्यभर नाताळसाठी फरची झाडं वाढवत आला होता, पण हे कारण त्याने पहिल्यांदाच ऐकलं. "ग्रँड," तो मास्कमधून हसला. "लेट हर स्लीप, सो."

निहारिका मात्र हसली नाही. इतके नाताळ तिने भाड्याच्या फ्लॅटमध्ये प्लॅस्टिकच्या झाडावर काढले होते. यंदा स्वतःचं घर झालं होतं. त्यात खरं, वासाचं झाड उभं करायचं तिने उन्हाळ्यापासून मनात घेतलं होतं आणि सासूबाई सारखा मोडता घालत होत्या. एकदा निघताना त्यांची शाल सापडेना. एकदा चहाच संपेना. शेतावर पोचेपर्यंत अंधार.

सासूबाई आल्या होत्या फेब्रुवारीत, मुलाकडे, कुशलकडे, तीन महिन्यांसाठी. मग विमानं बंद झाली. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद होतं, मला पुण्याला पाठवा. इथली थंडी नको, इथला पाव नको, पाण्यालाही चव नाही. आता झाडही नको झालं असणार. परक्यांचा सण सुनेने घरात आणलेला खुपत असणार. निहारिकाला ते फार लागलं.

रविवारी तिने शाल स्वतः शोधली, चहा स्वतः केला आणि भर दुपारी सासूबाईंना शेतात नेऊन उभं केलं. झोपेचं कारण आता चालणार नव्हतं. तेव्हा बाईंनी दुसरा पवित्रा घेतला. मुलगी बघायला आल्यासारख्या त्या प्रत्येक झाडाभोवती फिरू लागल्या. एक कमरेत वाकलेलं, एक पाठीमागून टकलं, एकाचा शेंडाच दुभंगलेला. एक सर्वांगाने सुरेख निघालं, तर म्हणाल्या, "फार ताठ आहे गं. घरात नांदायचं नाही." डोनलला भाषा कळत नव्हती, पण नकार कळत होता. तो मजेत पुढची रांग दाखवत राहिला.

निहारिकाचा धीर सुटला. "आई, स्पष्ट सांगा. तुम्हाला हे झाड घरात नकोच आहे ना?"

स्नेहलताबाई थांबल्या. हिरवी काडी बोटांत चुरडून त्यांनी वास घेतला.

"नको कशाला असेल? किती छान वास आहे. पण विमानं सुरू झालीत ना. कुशल म्हणालाय, एकदा झाड घरी येऊ दे, मग निवांत बसून तुझ्या तिकिटाचं बघतो."

"मग? तुम्हालाच तर जायचं होतं."

"तेच तर. इतके महिने मीच जाते जाते करतेय. आता कुठल्या तोंडाने राहते म्हणू?" त्यांनी शाल उगाचच सारखी केली. "तिथे एकटीसाठी कुकर लावायचा म्हणजे जिवावर येतं गं."

आपण काय काय समजून बसलो होतो, याची निहारिकाला लाज वाटली. मग तो न संपणारा चहा आठवला आणि हसू आवरेना. झाड राखून ठेवायला बांधतात ती नावाची फीत तिने डोनलकडून मागून घेतली. उंच झाडं ओलांडून ती थेट शेताच्या टोकाला गेली, जिथे गेल्या वसंतातली रोपं होती, आणि त्यातल्या एका गुडघ्याएवढ्या रोपाला तिने फीत बांधली. ते कापण्याजोगं व्हायला अजून सात-आठ वर्षं लागतील, डोनलने बजावलं. चालेल, ती म्हणाली.

"अगं, एवढंसं? आणि यंदाच्या नाताळला?" सासूबाई धापा टाकत मागून आल्या.

"यंदा प्लॅस्टिकचं. आपलं झाड हे." निहारिकाने त्यांचा हात धरला. "आणि कुशलचं बरोबरच आहे, आई. एकदा हे घरी येऊ दे, मग निवांत बसून तुमच्या तिकिटाचं बघू."